माध्यमांतराची पटकथा : सराव नेमका कशाचा करायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे : "पटकथालेखनाचा अभ्यासक्रम केला आहे, लघुपट लिहिले आहेत. आता एका कादंबरीवर पूर्ण लांबीचा चित्रपट लिहायचा आहे. जे शिकलो ते पुरेल का? की माध्यमांतरासाठी वेगळी तयारी लागते? लागत असेल तर ती कशी करायची आणि कार्यशाळा निवडताना काय बघायचं?"

वेगळी तयारी लागते. माध्यमांतर म्हणजे कादंबरी, कथा किंवा नाटक अशा मूळ कृतीवरून चित्रपट लिहिणं. मी स्वतः माध्यमांतरं लिहितो आणि त्याच्या कार्यशाळाही घेतो. स्वतःच्या कल्पनेवर उत्तम पटकथा लिहिणारी माणसंसुद्धा कादंबरी हातात घेतली की अडखळतात, हे तिथे नेहमी दिसतं. स्वतःचं लिहिताना पुढे काय घडेल हे शोधावं लागतं. इथे सगळं आधीच घडलेलं असतं, आणि तेही एका चांगल्या लेखकाने घडवलेलं. पात्रं आहेत, प्रसंग आहेत, संवाद आहेत, आणि भाषा इतकी सुंदर की कशालाच हात लावावासा वाटत नाही. मग कापाकापी सुरू होते : हे प्रकरण काढू, ही दोन पात्रं एक करू, हा संवाद मात्र ठेवूच. शेवटी हातात येते ती कादंबरीची संक्षिप्त आवृत्ती. तिच्यात सगळं थोडं थोडं असतं आणि चित्रपट कुठेच नसतो.

यातून सुटायचं तर एक सवय लावून घ्यावी लागते. मूळ कृतीतल्या प्रत्येक पात्राबद्दल, प्रसंगाबद्दल, वर्णनाबद्दल विचारायचं : हे इथे काय काम करतंय? ते काम माझ्या चित्रपटाला हवंय का? हवं असेल तर पडद्यावर ते काम कोण करेल? माध्यमांतराचं प्रशिक्षण म्हणजे हे प्रश्न अंगवळणी पडेपर्यंत केलेला सराव, असं माझं मत आहे. प्रसंगाची बांधणी, संवाद, रचना हे तुम्ही शिकलाच आहात.

उदाहरणाशिवाय हे पोकळ वाटेल. रवींद्रनाथांच्या 'नष्टनीड' या १९०१ सालच्या दीर्घकथेत चारूचं एकटेपण निवेदक सांगून टाकतो. नवरा आपल्या वर्तमानपत्रात बुडालेला, घरात नोकरचाकर, हिला करायला काही उरलेलं नाही. वाचताना तेवढं पुरतं. सत्यजित राय यांनी १९६४ साली 'चारुलता' केला तेव्हा या निवेदनाचं काम चित्रपटाच्या सुरुवातीच्या काही मिनिटांकडे दिलं. संवाद जवळजवळ नाहीतच. चारू रुमालावर भरतकाम करते, पुस्तकं चाळते, मग नाटक बघायला वापरतात तसली छोटी दुर्बीण घेऊन एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जात रस्त्यावरची माणसं न्याहाळते. नवरा तिच्या शेजारून निघून जातो, त्याचं लक्षही जात नाही. तो पुढे गेल्यावर ती तीच दुर्बीण त्याच्यावर धरते. ही दुर्बीण मूळ कथेत नाही. पण कथेतल्या त्या परिच्छेदाचं सगळं काम ती करते, आणि वर एक गोष्ट जास्त सांगते : घरातला माणूसही हिला दुरूनच बघावा लागतो.

"एकटेपण दाखवायचं आहे" एवढीच नोंद केली तर अशी वस्तू सुचत नाही. तेवढ्यावर लिहिलं की खिडकीत उदास बसलेली बाई लिहिली जाते. कामाचं वर्णन नेमकं करावं लागतं. हिला माणसांची भूक आहे, जगाशी हिचा संबंध फक्त बघण्यापुरता उरला आहे, आणि नवराही त्या बघण्याच्याच जगात गेला आहे. इतकं नेमकं झालं की वस्तू, जागा, हालचाल शोधायला दिशा मिळते.

दुसरं उदाहरण उलट्या बाजूचं आहे. 'मकबूल' (२००३) 'मॅकबेथ'वरून केला. मूळ नाटकातल्या चेटकिणी मुंबईच्या गुन्हेगारी जगात आणायच्या कशा? तिथे त्यांची जागा दोन पोलिसांनी घेतली, आणि त्यातला एक कुंडली मांडून भाकितं करतो. चेटकिणींचं वरवरचं काम भविष्य सांगण्याचं. खोलवरचं काम नायकाच्या मनातली इच्छा त्याला ऐकू येईल इतक्या मोठ्याने बोलून दाखवण्याचं. पोलिस निवडल्यावर त्यात एक तिसरी गोष्ट आली : जे भाकीत करायचं ते घडवून आणण्याची ताकदही यांच्याच हातात आहे. पर्याय मूळ काम करून वर स्वतःचं काही आणतो तेव्हाच तो खरा सापडलेला असतो. नुसता वेश बदलला असेल तर प्रेक्षकाला शिवण दिसते.

आता सराव.

मूळ कृती पहिल्यांदा वाचताना हातात पेन्सिल नको. वाचून झाल्यावर आठवडाभर पुस्तक बाजूला ठेवा आणि मग ते न उघडता जे आठवतं ते लिहून काढा. क्रम चुकला, नावं चुकली तरी चालेल. जे आपोआप आठवलं ते तुमच्या चित्रपटाचं बियाणं असण्याची शक्यता मोठी. जे खूप महत्त्वाचं वाटलं होतं पण आठवलंच नाही, तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. हा कागद जपून ठेवा. पुढे तिसऱ्या-चौथ्या ड्राफ्टला दिशा सुटते तेव्हा याच कागदाकडे यावं लागतं.

दुसरं वाचन पूर्ण वेगळं. आता समासात नोंदी करायच्या, पण गोष्टीच्या नाही, कामाच्या. हा प्रसंग माहिती देतो की निर्णय घडवतो? इथे आपल्याला जे कळलं ते पात्राला कळलंय का? ही गंमत घटनेत आहे की निवेदकाच्या आवाजात? शेवटचा प्रश्न सर्वांत जास्त फसवतो. कित्येक कादंबऱ्यांत घटना साध्या असतात आणि सगळा जीव सांगण्याच्या पद्धतीत असतो. तो आवाज काढून घेतला की उरलेली गोष्ट कुणालाही सुचली असती अशी निघते. तुम्ही घेतलेली कादंबरी अशी आहे का, हे पटकथेला बसण्याआधी कळायला हवं. असेल तर तुमचं पहिलं काम कथानकाचं नाहीच. तो आवाज चित्रपटात कशात उतरणार हे आधी ठरवायचं : कॅमेरा काय बघतो आणि काय बघायचं टाळतो, दृश्यांचा क्रम, शांतता, विनोदाची जागा. व्हॉइसओव्हर हाही एक मार्ग आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण सरावाच्या काळात तो बंद ठेवा. तो हाताशी असला की बाकीचे मार्ग शोधले जात नाहीत.

मग माझ्या लेखी सर्वांत उपयोगी असलेला सराव. कादंबरीतलं एक असं पान घ्या ज्यात बाहेर काहीच घडत नाही, फक्त मनातलं चालू आहे. त्यावर दोन पानांचा सीन लिहा. संवाद नाही, व्हॉइसओव्हर नाही, फ्लॅशबॅक नाही, पत्र किंवा डायरी वाचून दाखवणं नाही. ज्याने मूळ वाचलेलं नाही अशा माणसाला तो द्या आणि विचारा, या बाईला किंवा बुवाला काय हवंय असं तुला वाटलं? सीन आवडला का हे विचारू नका. उत्तर मूळ पानाच्या आसपास आलं नाही तर सीन दुरुस्त करत बसण्याऐवजी कामाची नोंद पुन्हा लिहा, कारण बहुतेक वेळा गोंधळ तिथेच असतो. एकाच पानावर असे तीन वेगळे सीन लिहिले तर आणखी चांगलं. पहिला सुचतो तो ओळखीचा असतो. तिसऱ्यापर्यंत पोचताना काहीतरी आपलं सापडायला लागतं.

लांबीचा प्रश्न लोकांना सगळ्यात मोठा वाटतो. मला तो तितका अवघड वाटत नाही, पण त्याचं गणित डोळ्यांसमोर हवं. पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, असा व्यवसायातला संकेत आहे. म्हणजे दोन तासांच्या चित्रपटाला १२० पानं, आणि त्या पानांवर मोकळी जागाही भरपूर. सगळं घ्यायचा हट्ट धरला तर काय होतं याचं प्रसिद्ध उदाहरण १९२४ सालचं आहे. दिग्दर्शक एरिक फॉन स्ट्रोहाइम याने एका कादंबरीवरून 'ग्रीड' केला, तेव्हा त्याची पहिली आवृत्ती आठ तासांच्या आसपास गेली. स्टुडिओने ती छाटत छाटत दोन-सव्वादोन तासांवर आणली आणि बाकीचा भाग कायमचा गेला. छाटणी होणारच असेल तर ती लिहिणाऱ्याने स्वतः, अर्थ लावून केलेली बरी.

म्हणून "काय काढू?" हा प्रश्न मी कार्यशाळेत विचारू देत नाही. हा चित्रपट कुणाचा आहे, तो कुठे सुरू होतो आणि कुठे थांबतो, एवढं ठरलं की निम्म्याहून जास्त सामग्री आपोआप बाहेर राहते. याचा सराव असा : त्याच कादंबरीची एका पानाची गोष्ट तीनदा लिहा, प्रत्येक वेळी वेगळं पात्र मध्यभागी ठेवून. तिन्हींत शेवट वेगळा येतो का बघा. न आल्यास तुम्ही फक्त नावं बदलली आहेत.

घटना जागेवरून हलवण्याचाही सराव हवा. 'पथेर पांचाली'च्या मूळ कादंबरीत म्हातारी इंदिर ठाकरुण फार लवकर, अपू अगदी तान्हा असताना जाते. चित्रपटात (१९५५) तिचं जाणं पुढे सरकवलं आहे. आगगाडी बघून परतणाऱ्या अपू-दुर्गाला ती बांबूच्या बनात बसलेली सापडते, आणि ती मेलेली आहे हे त्यांच्या लक्षात येतं. घटना तीच, पण आता ती मुलांच्या वाट्याला आली. कादंबरीत जे घराण्याच्या इतिहासात घडतं ते चित्रपटात मध्यवर्ती पात्रांच्या डोळ्यांसमोर घडतं. तुमच्या कादंबरीतली एखादी दूरची पण महत्त्वाची घटना घ्या आणि ती नायकाच्या वाटेवर आणून ठेवा. काय काय बदलावं लागतं ते बघा. एक घटना हलवली की तिच्या मागची-पुढची पाच हलतात, आणि त्यातूनच पटकथेची रचना हाताला लागते.

कथेवरून चित्रपट करताना अडचण उलटी. तिथे भरायचं असतं, आणि पाणी घालून वाढवलेला चित्रपट प्रेक्षक लगेच ओळखतो. 'राशोमोन' (१९५०) हा याचा चांगला धडा आहे. जपानी लेखक अकुतागावाच्या एका कथेत एकाच खुनाच्या परस्परविरोधी साक्षी आहेत. दुसऱ्या कथेत पडझड झालेली वेस आणि पाऊस आहे. चित्रपटाने साक्षी एकीतून घेतल्या, वेस आणि पाऊस दुसरीतून, आणि लाकूडतोड्याची शेवटची साक्ष नव्याने रचली. मूळ कथेत त्याला फक्त प्रेत सापडलेलं असतं. त्याने सगळं पाहिलं होतं हे चित्रपटाचं आहे. ही भर लांबीसाठी घातलेली वाटत नाही. कथा जो प्रश्न उभा करून थांबते – खरं कोण बोलतंय – तोच प्रश्न या भरीमुळे सांगणाऱ्यापर्यंत येऊन पोचतो.

प्रेमचंदांच्या 'शतरंज के खिलाडी'चंही तसंच. कथेच्या शेवटी दोन्ही खेळाडू तलवारी काढून एकमेकांना मारतात. रायांच्या १९७७ सालच्या चित्रपटात ते मरत नाहीत, भांडण मिटवून पुन्हा डाव मांडून बसतात. शिवाय अवधचा नवाब वाजिद अली शाह आणि रेसिडेंट, म्हणजे त्याच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, यांचा पूर्ण धागा चित्रपटाने उभा केला, जो कथेत पार्श्वभूमीला आहे. राज्य जातंय आणि माणसं खेळतायत, हे कथेचं मूळ दुखणं. चित्रपटाने शेवट बदलला, पण ते दुखणं आणखी वाढवलं. सराव म्हणून आठ-दहा पानांची एक कथा घ्या आणि तिच्यात जे 'आधीच झालेलं' किंवा 'बाहेर चाललेलं' आहे त्याची यादी करा. वाढवायचं असेल ते त्या यादीतून वाढवा. नवं उपकथानक बाहेरून आणून चिकटवू नका.

नाटकाबद्दल थोडक्यात. नाटकात संवाद तयार असतो म्हणून ते सोपं वाटतं, आणि म्हणूनच ते फसवं आहे. रंगमंचामागे काय घडतं ते शोधा, आणि स्वगतं कुणासमोर बोलली जातील किंवा बोललीच जाणार नाहीत, हे ठरवा. सत्यघटनेवर लिहिताना अडचण आणखी वेगळी. तिथे "हे खरंच असं घडलं होतं" हे वाक्य तुमच्या मदतीला येत नाही. प्रेक्षकाला ते पडद्यावर पटलं पाहिजे.

पुस्तक बंद कधी करायचं? माझं उत्तर ठाम आहे : स्टेप आउटलाइन, म्हणजे सीनमागून सीन काय घडतं याचा क्रम, पूर्ण झाली की. त्यानंतर पहिला ड्राफ्ट पुस्तक कपाटात ठेवून लिहा. उघडं पुस्तक शेजारी असलं की संवाद उचलले जातात. कादंबरीतला संवाद वाचण्यासाठी लिहिलेला असतो. त्याच्या आधी-नंतर निवेदकाचा आधार असतो. तो आधार गेला की तेच वाक्य नटाच्या तोंडी लांबट आणि शहाणं वाटतं. शंका असेल तर मोठ्याने वाचून बघा. ड्राफ्ट झाल्यावर पुस्तक पुन्हा उघडा. तेव्हा दोन-चार वाक्यं अशी मिळतील जी जशीच्या तशी हवीतच. ती घ्या.

मूळ कृतीशी प्रामाणिक राहण्याबद्दल लोक खूप वाद घालतात. "गाभ्याशी प्रामाणिक" असं म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि प्रत्येकाच्या मनातला गाभा वेगळा असतो. त्यापेक्षा एका वाक्यात लिहून ठेवा की या कृतीतली कोणती गोष्ट हरवली तर हा चित्रपट करण्यात अर्थ उरणार नाही. दिग्दर्शकाने आणि निर्मात्यानेही आपापलं वाक्य लिहावं. तीन वाक्यं तीन दिशांना जात असतील तर पटकथा सुरू करू नका. आधी बोला. हे संभाषण ड्राफ्टनंतर झालं तर फार महागात पडतं.

हक्कांबद्दलचं शिक्षण बहुतेक अभ्यासक्रमांत अर्ध्या तासात उरकतात. ते चूक आहे. घरच्या सरावासाठी कुठलंही पुस्तक घ्या, पण ती पटकथा कुणाला विकायची, दाखवायची किंवा स्पर्धेला पाठवायची असेल तर आधी हक्क हवेत. बर्न करार या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार हक्कांची किमान मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं आहे, भारतात ती ६० आहे आणि युरोपीय संघात ७०. म्हणजे एका देशात मोकळी झालेली कृती दुसऱ्या देशात बांधलेली असू शकते. अनुवाद वाचून लिहिणार असाल तर अनुवादाचा हक्क वेगळा असतो, हे तर हमखास विसरलं जातं. 'नोस्फेराटू' (१९२२) 'ड्रॅक्युला'वरून परवानगीशिवाय केला गेला. पात्रांची नावं बदलली होती, तरी लेखकाच्या पत्नीने खटला भरला आणि न्यायालयाने प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. काही प्रती वाचल्या म्हणून तो चित्रपट आज आपल्याला दिसतो.

व्यवहारात सहसा आधी ऑप्शन घेतात. ठरावीक मुदतीसाठी हक्क राखून ठेवायचे, तेवढ्यात पटकथा आणि पैसा उभा करायचा, आणि चित्रपट नक्की झाला की पूर्ण हक्क विकत घ्यायचे. मुदत संपायच्या आत तुमचा ड्राफ्ट तयार होईल का, मुदत वाढवता येते का, आणि ऑप्शन सुटला तर तुम्ही लिहिलेल्या पटकथेचं काय, हे करारात वाचायला शिका. लेखक हयात असेल तर पहिल्याच भेटीत सांगा की बदल होतील आणि साधारण कोणते. परवानगी मिळावी म्हणून "काहीही बदलणार नाही" असं आश्वासन कधीही देऊ नका.

कार्यशाळा निवडताना पहिली चौकशी ही करा : सगळे सहभागी एकमेकांच्या मूळ कृती वाचतात का? जिथे मार्गदर्शकाने तुमची कादंबरीच वाचलेली नाही तिथे तुम्हाला पटकथेवर सल्ला मिळेल, माध्यमांतरावर मिळणार नाही. त्याच वेळी गटात मूळ न वाचलेला एक तरी वाचक असावा, कारण पटकथा त्यालाच समजायला हवी. अशी विशेष प्रशिक्षणं झालेली आहेत. इटलीतल्या टोरिनो फिल्म लॅबने फक्त माध्यमांतरासाठी स्वतंत्र उपक्रम चालवला होता. सर्वसाधारण पटकथा लॅबमध्येही माध्यमांतराचे प्रकल्प घेतले जातात, मात्र तिथे हक्कांची कागदपत्रं बहुधा अर्जासोबतच मागतात.

दुसरी चौकशी वेळेची. दोन-तीन दिवसांच्या सत्रात उदाहरणं बघून होतात, सवय लागत नाही. काही महिन्यांत पसरलेली, मध्ये लिहायला सलग वेळ देणारी कार्यशाळा घ्या. तशी मिळाली नाही तर चार-पाच लेखक जमवा, एकच कथा सगळ्यांनी घ्या आणि प्रत्येकाने स्वतंत्र स्टेप आउटलाइन लिहा. त्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या की एकाच कृतीतून किती वेगळे चित्रपट निघतात ते दिसतं. मी याला कुठल्याही व्याख्यानापेक्षा वरचं स्थान देतो.

आणि तुमच्या कादंबरीपासून सुरुवात करू नका. ती तुम्हाला फार आवडते, म्हणूनच. आधी मोकळ्या हक्कांची एक कथा घ्या, वर सांगितलेला सराव तिच्यावर करून एक पूर्ण ड्राफ्ट लिहा, लोकांकडून वाचून घ्या. दरम्यान कादंबरीच्या हक्कांची चौकशी करा, कारण प्रकाशक, लेखक किंवा वारस यांच्याकडून उत्तर यायला वेळ लागतो. ते उत्तर येईल तेव्हा तुमच्याकडे दाखवायला एक ड्राफ्ट असेल आणि कादंबरीचं पहिलं वाचन, पेन्सिलीशिवायचं, झालेलं असेल.